फुप्फुसाचं विरजण

निवृत्त झालेल्या सिस्टरला लोक हमखास एकच प्रश्न विचारतात. "किती बाळंतपणं केली असतील हो तुम्ही?" मी मोजली नाहीत. एक तर बाळंतपण आई करते, आम्ही नुसते हात पुढे धरून उभ्या असतो. आणि मोजायला बसले असते तर वाचलेली आणि न वाचलेली अशी वेगवेगळी मोजावी लागली असती. तेवढी माझी हिंमत नव्हती.

त्यापेक्षा दुसरीच एक गोष्ट सांगते. माझी निम्मी नोकरी एका वस्तूची वाट पाहण्यात गेली, आणि ती वस्तू मी डोळ्यांनी एकदाही पाहिली नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसात ती असते किंवा नसते. असली तर बाळ रडून शांत झोपतं, नसली तर कण्हतं. आपण तेवढ्यावरून ओळखायचं.

मी मूळची सडक अर्जुनीची. आईने विड्या वळून मला नर्सिंगला पाठवलं आणि १९९९ साली मी गोंदियातल्या एका धर्मादाय प्रसूतिगृहात लागले. सडक अर्जुनीहून गोंदिया काही लांब नाही, पण भाषेने लांब आहे. गावाकडे 'काऊन वं' ऐकलेल्या कानांना इथे 'क्यों सिस्टर, और कितना टाइम' ऐकायची सवय लावून घ्यावी लागली. वॉर्डात एका खाटेवर राइस मिलवाल्यांची सून, शेजारी बालाघाटकडची पोवारी बोलणारी बाई, तिच्या पलीकडे छत्तीसगडी. कळा सुरू झाल्या की सगळ्यांची भाषा एक होते, हे मात्र तिथेच कळलं. डॉक्टर दोन होते. बाळंतपणाच्या मॅडम आणि लहान मुलांचे सर. दोघांना मी कधी नावाने हाक मारली नाही, म्हणून इथेही मारत नाही.

ममता मला पहिल्यांदा भेटली ती माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी. अर्जुनी मोरगावजवळच्या एका खेड्यातली, धानाची शेती असलेल्या घरातली नवी सून. दिवस भरायला बराच अवधी होता आणि कळा सुरू झाल्या. बाळ जन्मलं, रडलंसुद्धा. तिचा नवरा सुरेश पेढे आणायला धावला. तो पुडा घेऊन परत आला तोवर बाळ कण्हायला लागलं होतं.

हे कण्हणं ज्याने ऐकलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. श्वास सोडताना दर वेळी 'अं... अं...' असा बारीक आवाज येतो. बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात. काही दुखतंय म्हणून बाळ कण्हत नाही. आत घेतलेली हवा सगळीच निसटून जाऊ नये म्हणून ते घसा आवळून धरतं. एवढासा जीव, पण ही युक्ती त्याला कोणी शिकवावी लागत नाही. फक्त ती फार वेळ पुरत नाही, बाळ दमून जातं. आमच्याकडे तेव्हा ऑक्सिजन होता, ऊब होती, आणि सर जेवण विसरून शेजारी बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ गेलं.

ममता भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. विचारलं ते तिच्या सासूने, कौशल्याबाईंनी. "रडलं तं होतं ना वं बाई? मंग काऊन गेलं?"

 कामाच्या गडबडीत आहे असं दाखवून मी तिथून निघाले, आणि शनिवारी दुपारी तोच प्रश्न सरांसमोर ठेवला.

शनिवारी ओपीडी संपली की सर आम्हा सिस्टरांना बसवून शिकवायचे. शिकवण्याची त्यांना हौस होती आणि समोर बसणाऱ्यांना झोप यायची, असा तो सौदा होता. त्या दिवशी मला झोप आली नाही. सरांनी फळ्यावर एक डोकं काढलं आणि त्याला दोन लांब पाय काढले. म्हणाले, "हा फॉस्फोलिपिड. नाव मोठं, जीव छोटा. याच्या डोक्याला पाणी आवडतं आणि पायांना तेल. असे पुष्कळ जण पाण्यात एकत्र आले की आपोआप दोन रांगा करून उभे राहतात. पाय आतल्या बाजूला, एकमेकांकडे. डोकी बाहेर, पाण्याकडे. झाला पेशीचा पडदा. तुमच्या, माझ्या, त्या बाळाच्या, अंगातल्या प्रत्येक पेशीला हाच पडदा असतो."

"पण हे येतात कुठून?" मी विचारलं.

"पेशी स्वतःच बनवते." मग त्यांनी कृती सांगितली, अगदी पाककृती सांगावी तशी. ग्लिसरॉलचा एक लहानसा तुकडा घ्यायचा. त्याला जोडायला तीन जागा असतात. दोन जागी चरबीचे लांब पाय लावायचे. तिसऱ्या जागी फॉस्फेट आणि त्यावर कोलीन नावाचं डोकं. कोलीन अंड्यातून, डाळींतून, शेंगदाण्यातून येतं. हे जोडकाम पेशीच्या आत पडद्यांच्याच घड्यांचं जे जाळं असतं त्यावर चालतं, आणि जोडणारे कारागीर, म्हणजे एन्झाइम, त्या पडद्याच्या एकाच बाजूला कामाला बसलेले असतात. त्यामुळे नवा माल सगळा एकाच रांगेत भरती होतो. एक रांग लांबत गेली आणि दुसरी तेवढीच राहिली तर पडदा वाकडा होईल. म्हणून त्याच पडद्यात दुसरी काही प्रथिनं असतात. ती नव्या आलेल्यांतल्या निम्म्यांना उलटं करून पलीकडच्या रांगेत पोचवतात. मला आमच्याकडचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आठवला. बाया सगळ्या एकाच धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, धानाच्या बांधीत उतरतात आणि मग एखादी खमकी बाई निम्म्यांना 'तुमी तिकडं जा वं' म्हणून पलीकडे पिटाळते.

"मग त्या पडद्याचे बारीक फुगे सुटतात आणि जिथे गरज असेल तिथल्या पडद्यात जाऊन मिसळतात," सर म्हणाले. "पण एक लक्षात ठेवा. पेशीला कोऱ्या जागेवर पडदा उभारता येत नाही. आधीच्या पडद्यातच नवे भरत जायचे, तो वाढवायचा, आणि पेशीचे दोन भाग झाले की वाटून घ्यायचा. पडदा पडद्यातूनच वाढतो."

"मग बाळाच्या पहिल्या पेशीला कुठून मिळाला?"

"आईच्या बीजातून. आईला तिच्या आईकडून."

"म्हणजे विरजणासारखं," मी म्हणाले. बाकीच्या सिस्टर हसल्या. सरही हसले, "हो, विरजणच," म्हणाले आणि पुढे गेले.

पुढचं सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरला. फुप्फुसातल्या काही पेशी हेच फॉस्फोलिपिड स्वतःच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवतात, घड्या घालून साठवतात आणि फुप्फुसातल्या बारीक हवेच्या पिशव्यांमध्ये आतून सोडतात. पिशव्या आतून ओल्या असतात. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड जसं चिकटून बसतं तशा त्या प्रत्येक श्वासानंतर मिटून चिकटतात. हा थर पसरलेला असला तर चिकटत नाहीत. आणि हे जास्तीचं उत्पादन पोटात अगदी शेवटच्या काही आठवड्यांत जोर धरतं. ममताच्या बाळाने पहिला श्वास घेतला, रडलं, पण पिशव्या उघड्या ठेवणारं ते अस्तर तयार व्हायचं होतं. कौशल्याबाईंच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. मला ते मिळालं तेव्हा त्या गावी परतल्या होत्या.

एवढं समजल्यावर मला फार शहाणपण आलं. एका बाळाच्या आजोबांना मी मोठ्या समजुतीने सांगितलं की, बाळाच्या फुप्फुसात एक प्रकारची चरबी कमी आहे. आजोबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते तुपाचा डबा घेऊन हजर. "गावरानी गाईचं हाय, सिस्टर. पाजा लेकराले. नाही तं छातीले चोळा." मी घाबरून डबा आधी ताब्यात घेतला आणि मग त्यांना बाहेर बाकावर बसवून समजावत राहिले की तोंडातून दिलेली चरबी तिथे पोचत नाही, ती पेशीलाच बनवावी लागते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्याच्या मायले देऊ?" मी म्हटलं, द्या, भातावर घाला. त्या बाळाचं दुखणं सौम्य होतं. सरांनी सलाइनच्या बाटलीत पाणी भरून एक जुगाड केलं होतं. बाळाच्या नाकातली नळी पुढे त्या पाण्यात बुडवलेली असायची, बुडबुडे येत राहायचे आणि तेवढ्या दाबाने पिशव्या उघड्या राहायच्या. त्यावर ते बाळ तरून गेलं. आजोबांच्या मते तुपाने तरलं. मी वाद घातला नाही, पण 'चरबी' हा शब्द त्यानंतर वॉर्डात पुन्हा काढला नाही.

पुढे मॅडमनी आईला द्यायच्या इंजेक्शनची पद्धत आमच्याकडे पक्की केली. दिवस भरायच्या आधी कळा आल्या तर आईला इंजेक्शन द्यायचं आणि गोळ्यांनी कळा थोड्या थोपवायच्या. औषध वारेतून बाळापर्यंत जातं. "त्यात फॉस्फोलिपिड नसतं," सर सांगायचे, "तो नुसता निरोप आहे. फुप्फुसातल्या कारागिरांना सांगायचं की, घाई करा, पाहुणा लवकर येतोय." कुठल्या तरी दूरदेशी मेंढ्यांवर काम करताना हे कोणाच्या तरी लक्षात आलं म्हणे. त्या माणसांचे आणि त्या मेंढ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. निरोप पोचून काम व्हायला एक-दोन दिवस लागतात. तेवढे दिवस मिळाले पाहिजेत, आणि मुळात नेमका कितवा महिना आहे हे कळलं पाहिजे.

तिथेच खरी मेख होती. शिकलेल्या बाईला तारीख विचारावी. बाकीच्यांना मी तारीख विचारतच नसे. "शेवटची पाळी आली तेव्हा गावात काय चालू होतं?" असं विचारायची. मग बरोबर उत्तर यायचं. आमच्या बौद्ध बाया चौदा एप्रिलपासून मोजायच्या, 'जयंतीच्या मिरवणुकीत होती मी, दुसऱ्या दिवशी आली.' तिथे माझं काम सोपं, कारण चौदा एप्रिल काही हलत नाही. गोंदियातली एखादी 'छठ के बाद' सांगायची. आणि झाडीपट्टीतल्या बाया सांगायच्या मंडई. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, आज या गावची, उद्या पुढच्या गावची. दुकानं, पाळणे, नाटक. लेकी-जावई त्यासाठी माहेरी येतात. कोणत्या गावची मंडई भाऊबीजेनंतर कितव्या दिवशी, हे मला आणि मिठाईवाल्यांना पाठ होतं.

मधल्या काळात ममताला पुन्हा दिवस गेले होते. ती आमच्यापर्यंत पोचलीच नाही. जीपमध्येच मूल झालं आणि जीपमध्येच गेलं. हे मला तिच्याच गावच्या एका बाईकडून कळलं.

आणि मग आणखी काही वर्षांनी, जून संपत आला असताना, सकाळच्या पॅसेंजरने उतरून तिघं जण दवाखान्याच्या पायऱ्या चढून आले. ममता, सुरेश आणि कौशल्याबाई. ममता पोटाखाली हात धरून चालत होती. मला तिने लगेच ओळखलं. माझा हात धरला तो सोडीना.

"सिस्टरबाई, हे तरी जाऊ नोका देऊ," एवढंच म्हणाली.

मॅडमनी तपासलं. कळा खऱ्या होत्या, पण अजून थोपवण्यासारख्या होत्या. "महिना कितवा?"

"नववा लागला, मॅडम," सुरेश म्हणाला. त्याने बोटांवर मोजून दाखवलं. "दिवाळीत दिवस राह्यले. दिवाळी म्हंजे ऑक्टोबर. ऑक्टोबर, नोव्हेंबर करत जून आला नववा."

सोनोग्राफी झाली. बाळ लहान दिसत होतं. पण शेवटच्या महिन्यांत सोनोग्राफीचा अंदाज तीन-तीन आठवडे इकडेतिकडे होतो. बाळ कमी दिवसांचं आहे म्हणून लहान, की मुळातच अंगाने बारीक, हे सांगता येईना. नववा असेल तर कळा थांबवायचं कारण नव्हतं आणि इंजेक्शनचीही गरज नव्हती. मॅडम म्हणाल्या, "नववा आहे तर येऊ दे."

मी सवयीने ममताजवळ गेले. "बाई, शेवटची पाळी आली तेव्हा गावात काय चालू होतं?"

"भाऊबीज होती. माहेरी होती मी. सकाळीच बाहेरची झाली, म्हनून भावाले ओवाळलंच नाही. माह्या बदली मायनं ओवाळलं. मंडईतबी गेली नाही."

आमच्या घरात हा विटाळ पाळत नाहीत, आणि मला त्याचा रागच आहे. पण बाईच्या मनात तारीख इतकी घट्ट कोरून ठेवल्याबद्दल त्या दिवशी मी त्याचे आभार मानले.

ममता बोलतच होती. दुखत असताना बाया बोलत राहतात, बोलू द्यावं. "भाऊ मंडईपुरता थांबला होता माह्यासाठी. धान सारा कापून झालता, म्हनून मोकळा होता. दरसाली भाऊबीजेले उशिराचा भारी धान बांधीत उभाच राह्यते, तं त्याले बसाले फुरसत नाही."

मी मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, धान कापून झाला होता म्हणते ही. गेली दिवाळी उशिरा आली होती का?"

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अगं, गेल्या वर्षी अधिक महिना होता. जावयाला अनारसे दिले ना मी, चांदीच्या ताटलीत घालून. दिवाळी पार नोव्हेंबरच्या मध्यावर गेली होती."

अधिक महिना आला की त्यानंतरचे सगळे सण उशिरा येतात. सुरेशचा ऑक्टोबर मुळात आलाच नव्हता. नववा लागलेला नव्हता, आठवाही अर्धाच झाला होता. ममताच्या भावाचा कापलेला धान आणि मॅडमच्या जावयाचे अनारसे एकत्र आले म्हणून हे कळलं. पाच मिनिटांत तिला पहिलं इंजेक्शन आणि कळा थोपवायची गोळी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळा थांबल्या. मला बरं वाटलं, आणि तिथेच नवं संकट उभं राहिलं. मी वॉर्डात गेले तर कौशल्याबाई पिशवी भरत होत्या.

"दुखनं थांबलं ना? मंग कायले राहाचं इथं? तिकडं परे टाकाचे पडून राह्यले." परे म्हणजे रोवण्यासाठी वाढवायची धानाची रोपं. पेरणी दोन दिवस हुकली तर पुढचा सगळा रोवणा हुकतो, त्यांचं काही चुकत नव्हतं. सुरेशही गाडीची वेळ विचारून आला होता. ममता खाटेवर बसून पदराशी चाळा करत होती. सासूपुढे बोलायची तिची टाप नव्हती. मॅडम आणि सर दोघंही ऑपरेशनमध्ये होते.

मी म्हटलं, "औषध चालू आहे, कौशल्याबाई."

"कायचं औषध? ताप नाही, दुखनं नाही. बिमारी तं दाखवा."

दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तुपाचा डबा डोळ्यांपुढे आला आणि मी तोंडापर्यंत आलेला शब्द गिळला. मग विचारलं, "घरी दही कोण लावतं तुमच्या?"

त्यांना प्रश्न विचित्र वाटला असावा. "मीच लावतो. कोन लावते दुसरं? हिच्या हातचं दही तार सोडते."

"विरजण टाकल्यावर भांड्याचं काय करता?"

"झाकतो अन् कोपऱ्यात ठेवतो."

"आणि कोणी हलवलं तर?"

"कायले हालवन कोनी? हालवलं तं लागत नाही. पानी सुटते."

मी त्यांच्याजवळ खाटेच्या कडेला बसले. "तुम्ही मला मागे एकदा विचारलं होतं, रडलं तर होतं, मग काऊन गेलं. आठवतं? त्याचं उत्तर आज देते. आईच्या अंगातून बाळाला विरजण मिळतं. बाळाच्या अंगातला कण न् कण त्याच विरजणावर वाढतो. आणि तेच विरजण फुप्फुसात शेवटच्या महिन्यांत भरपूर लागावं लागतं, तेव्हा श्वास टिकतो. पहिल्याचं लागलं नव्हतं. दुसऱ्याचंही लागलं नव्हतं, त्याआधीच भांडं सांडलं. काल मॅडमनी इंजेक्शन दिलं ते याचं लवकर लागावं म्हणून. आज लागतंय. आणि तुम्ही ते भांडं उचलून आगगाडीत ठेवताय."

 सरांनी ऐकलं असतं तर त्यात चार दुरुस्त्या केल्या असत्या. पण कौशल्याबाईंना एवढंच पुरे होतं.

"किती वेळ लागन?"

"उद्यापर्यंत तरी नक्की. जितकं जास्त राहील तितकं बरं."

त्यांनी पिशवीतून लुगडं परत बाहेर काढलं आणि सुरेशला म्हणाल्या, "तू जा, परे टाक. आमी येत नाही."

त्यानंतर त्या बाईने जो पहारा दिला तसा पहारा मी जन्मात पाहिला नाही. झाडूवाल्या मावशीची बादली खाटेला लागली तर, "हालवू नोको वं तिले." ममता कूस बदलायला लागली तर, "हळू, हळू." मॅडम राउंडला आल्या, त्यांनी पोटावर हात ठेवला, तर त्यांनाही, "डॉक्टरीन बाई, भांडं हालवू नोका." मॅडमना काही कळेना. मी मागे उभी राहून तोंडाला पदर लावला.

तिसऱ्या दिवशी दुपारी कळा पुन्हा आल्या आणि या वेळी थांबण्यातल्या नव्हत्या. मुलगी झाली. पोळीएवढं वजन वाटलं हातात. रडली. पण रडण्याने मी फसणार नव्हते, ममताही फसणार नव्हती. तिने मान वळवून माझ्या तोंडाकडे नजर लावली. सर बाळावर वाकून कान देऊन होते. रडणं थांबलं.

'अं' असा आवाज आला. मग आणखी एकदा.  सरांनी बुडबुड्यांची बाटली लावली आणि आम्ही बसलो. कण्हणं वाढलं नाही. हळूहळू मधलं अंतर वाढत गेलं, आणि संध्याकाळच्या आत थांबलं. बरगड्या आत ओढल्या जात नव्हत्या. सरांनी नळी काढली तरी श्वास तसाच सरळ चालू होता. त्या एवढ्याशा छातीत, मला कधीही न दिसणाऱ्या रांगाच्या रांगा वेळेवर पोचल्या होत्या.

मी दार उघडलं. कौशल्याबाई बाहेर जमिनीवर बसल्या होत्या.

"लागलं काय?" त्यांनी विचारलं.

"लागलं," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत नातेवाइकांसमोर मी रडले ती तेव्हाच.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. हे इंजेक्शन जगाला आमच्या आधी कितीतरी वर्षं ठाऊक होतं. ममताच्या पहिल्या बाळाच्या वेळी ते आमच्या वॉर्डाच्या हाताला लागलेलं नव्हतं. ते बाळ अजून माझ्या कानात आहे. पण मी देणं मोजायला बसले तर घेतलेलंच जास्त निघतं. सरांचे शनिवार, मॅडमचे अनारसे, आणि दर खेपेला माझा हात धरून 'सिस्टरबाई' म्हणणाऱ्या बाया.

डिस्चार्जच्या दिवशी कौशल्याबाईंनी सुरेशकडून गावाहून एक स्टीलचा लहान डबा मागवला आणि माझ्या हातात ठेवला. आत दही होतं. "माह्या सासूनं देल्लं होतं विरजन. तिले तिच्या सासूनं. खंड नाही पडू देला. तुमीबी लावत जा." मी त्या दिवशी रात्री त्याचंच दही लावलं, आणि तेव्हापासून लावतेच आहे. बदलीवर येणाऱ्या सिस्टरांनी ते खाल्लं, वॉर्डातल्या बाळंतिणींनी खाल्लं, तुपाच्या डब्यावाले आजोबा एकदा नातू दाखवायला आले तेव्हा त्यांनीही खाल्लं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात एका सकाळी ममता दारात उभी राहिली. सोबत दोन वेण्या घातलेली शिडशिडीत पोरगी. रोशनी तिचं नाव. मी तिला पाहिलं आणि आधी नकळत तिच्या छातीकडे पाहिलं, वर-खाली होते का म्हणून. ही सवय आता जायची नाही.

ममता म्हणाली, "सासू गेली, सिस्टरबाई." मग आत येऊन बसली, म्हणाली, "चूल बंद होती घरी. सोयरे जेवन पाठवत होते. कोनाच्या ध्यानातच नाही आलं, अना विरजन मोडलं. दुकानातलं आनून लावून पाह्यलं. बावा म्हंते, हे मायच्या हातचं नाही लागत." बावा म्हणजे रोशनीचा बाप सुरेश, तो घासभर खाऊन ताट सारतो म्हणे. "तुमच्याकडं आहे ना अजून?"

आतल्या कोपऱ्यात रात्री लावलेलं दही झाकून ठेवलेलं होतं. मी तोच स्टीलचा डबा काढला, त्यात ते अलगद घातलं आणि झाकण लावलं. ममताने हात पुढे केला. पण डबा रोशनीने घेतला. दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि मान खाली घालून पायऱ्या उतरली, एकेका पायरीवर थांबत.

स्टेशनसाठी ऑटो बोलावला होता. ती आत बसली, डबा मांडीवर ठेवला आणि ऑटोवाल्याने चावी फिरवायच्या आधीच त्याला म्हणाली, "भैया, धीरे चलाना. हिलना नहीं चाहिए."